पाठमोरी

कायदा सांगतो, दोराला माणूस बांधलात
तर बोटीत आरसा लावा,
नाहीतर मागे बघणारं कुणी बसवा.
बाबा म्हणाले, आरशाला ओरडता येत नाही.
म्हणून मी,
बावन्नाव्या वर्षी, मधल्या फळीवर, उलटी.

मिनेसोटाच्या उत्तरेचं सरोवर, नकाशात नखाएवढं.
सोळा फुटी ॲल्युमिनियमची बोट, चाळीस घोड्यांची मोटर,
त्यातले पाच-सहा घोडे केव्हाच थकलेले.
वॉलाय धरायला घेतली होती ही,
पहाटे, हळू, कुणाशी न बोलता.
तळाला खवले चिकटलेत अजून,
फळीखाली आमिषाच्या जळवांचा डबा,
आणि डेन्व्हरची नातवंडं विचारतात, आजोबा,
ही आम्हाला ओढेल ना?

सोमवारी ट्यूब ओढली.
आन्सेल पालथा पडून किंचाळत होता,
लाटेवरून उडायचा, आपटायचा, पुन्हा अंगठा वर.
अंगठा वर म्हणजे जोरात. खाली म्हणजे हळू.
गळ्यावरून आडवा हात म्हणजे पुरे.
डोक्यावर थापटी म्हणजे घरी चला.
ही जागा आईची होती तेव्हा आणखी एक खूण असायची:
ती नुसती एक भुवई उचलायची
आणि बाबा निमूट वेग कमी करायचे.

टिल्डाला ट्यूब नकोय. तिला उभं राहायचंय.
अकरा वर्षांची, ओठ निळे,
पाण्यात उकिडवी, स्कीची टोकं बदकाच्या चोचींसारखी वर.
बाबा एकदाच सांगतात: तू उठू नकोस.
बोटीला उठवू दे.

बोट उठवत नाही.
ढुंगण पाण्यात, नाक आभाळात, मोटर हंबरते,
दोर ताणतो, पोरीच्या तोंडात अर्धं सरोवर जातं,
आणि मोकळी मूठ उड्या मारत आमच्या मागे येते.
सहा वेळा.

मग बाबा धक्क्यावर वजन उतरवायला लागतात.
आधी माझा भाऊ रॉस. तो हसतो, पण कान लाल होतात.
गळांची पेटी. जाळं. दुसरी बॅटरी.
माशांच्या टाकीतलं पाणी.
शेवटी नांगर: कॉफीच्या डब्यात ओतलेलं सिमेंट.
आईने ओतलं होतं, जानेवारीत, तळघरात,
ओलं असताना बोटाने वर साल लिहिलं
आणि सवयीने मागचंच लिहिलं.
बाबांनी डबा दोन्ही हातांनी उचलला,
परत बोटीत ठेवला,
पुन्हा उचलला.
धक्क्यावर ठेवला तो सावलीत,
जसा काही वितळेल.

सातव्यांदा.
उलट्या बसलेल्या माणसाला दोघंही एका रेषेत दिसतात,
जवळ बाबांचा चेहरा, लांब टिल्डाचा.
ते माझ्या खांद्यावरून पुढे बघताहेत, नेहमीसारखे,
मोटरचा दांडा मुठीत, जबडा घट्ट.
त्यांनी कधी मागे वळून पाहिलेलं मला आठवत नाही,
शाळेच्या बसपाशी नाही,
दफनभूमीच्या फाटकातही नाही.

बोटीचं नाक खाली येतं.
पाण्यातून आधी गुडघे निघतात, मग पोट,
मग एक अख्खी पोर, वाकडी, लटपटती,
उभी!
उभी आहे! मी ओरडते, उभी आहे ती!
आणि वर्लिन ऑस्टबी, वय एकोणऐंशी,
मागे वळतात.

वळतात आणि बघतच राहतात.
मग पुढे कोण बघतंय?
मी गर्रकन फिरते:
लाल बोया, लून पक्ष्यांची जोडी, लव्हाळं,
आणि भराभर मोठा होत येणारा किनारा,
या फळीवरून मी कधीच न पाहिलेला.
डावीकडे! डावीकडे, बाबा!

संध्याकाळी ओला दोर कठड्यावर.
मासे आता तीन दिवस रुसणार, बाबा कुरकुरतात.
टिल्डा टेबलावरच झोपलीय, मूठ अजून वळलेली.
अंधार पडता पडता ते एकटेच धक्क्याकडे जातात,
बॅटरी नाही, जाळं नाही,
फक्त तो डबा
पुन्हा बोटीत ठेवायला.